बिराप्पा आणि चार जळके रिले

कवठे महांकाळला मिरज रस्त्यावर माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि त्याला लागून बिराप्पाची पत्र्याची शेड. मला सगळे गुंडाअण्णा म्हणतात. मी तोंडाचा फटकळ आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा आधीच सांगून टाकतो, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. विश्वजितचा येतो, बिराप्पाचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येतो. जे झालं ते माझ्या पायरीपासून वीस पावलांवर झालं आणि मी पायरी उतरलो नाही.

बिराप्पा जातीचा धनगर. बाप अर्जुना दसरा झाला की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचा आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत बिराप्पाही त्याच्यामागं चालला. तिथून त्याला एक खोड लागली. नवं पाणी दिसलं की मेंढरं सोडायच्या आधी अर्जुना ओंजळभर तोंडात घ्यायचा आणि चूळ फिरवून थुंकायचा. पाणी खारं आहे की कुणी त्यात औषधाचा पंप धुतलाय, हे जिभेला कळायचं. पुढं बिराप्पा गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकला, पण जीभ धनगराचीच राहिली. वायरीवर हिरवं चढलेलं दिसलं की हा बोटाला लावून चाटणार. मी म्हणायचो, मरशील एक दिवस. तो म्हणायचा, बाप कुठं मेला?

काम तो शिरवळला एका गॅरेजात शिकला. तिथला उस्ताद हाताचा फार तापट. चूक झाली की हातात असेल तो पाना फेकायचा, आणि त्यातल्या एकाची खूण बिराप्पाच्या डाव्या भुवईत अजून आहे. उस्तादानं त्याला दोन गोष्टी दिल्या, काम आणि हात उचलायची सवय. दुसरी सवय बायकोनं, हरणाबाईनं, लग्नाच्या पहिल्याच वर्षात मोडली. त्यानं एकदा कानाखाली दिली, तर तिनं चुलीतलं जळतं लाकूड त्याच्या तोंडासमोर धरलं आणि पुढची भाकरी थापायला बसली. त्यानंतर वीस वर्षं त्यानं कुणावर हात टाकलेला मी पाहिला नाही.

हरणाबाईचा धाकटा भाऊ धुळा. वय चाळिशीचं, अंगानं काटकुळा, बोलायला गरीब. तो विश्वजितच्या गाडीवर ड्रायव्हर होता. विश्वजित कृष्णाकाठच्या बागायतदाराचा मुलगा. घरी ऊस, चुलते फौजेत, भाऊ फौजेत, आणि हा दोनदा भरतीला जाऊन छातीत कमी भरलेला. मग त्यानं खोदाईची यंत्रं घेतली आणि आमच्या भागात कालव्याची कामं धरली. भरतीत राहिलेली लढाई तो हाताखालच्या माणसांशी लढतो असं लोक म्हणायचे. मला त्यात खोटं काही वाटत नाही. स्वतःच्याच कामावरच्या मुकादमाचा दात त्यानं पाडलेला सगळ्या तालुक्याला माहीत होता.

त्याची पांढरी मोठी गाडी डिसेंबरात पहिल्यांदा बंद पडली. भर बाजारात, चारचौघांत. विश्वजित मागच्या सीटवरून उतरला आणि काही न विचारता धुळाच्या थोबाडीत दिली. मग चौघांनी ढकलत गाडी बिराप्पाच्या दारात आणली.

बिराप्पानं पाच मिनिटांत दुखणं काढलं. डिझेलच्या पंपाचा रिले जळला होता. रिले म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. किल्ली फिरवली की ती आतल्या आत टक् करते आणि पंपाला करंट सोडते. ती गेली की सेल्फ नुसता फिरत राहतो आणि इंजिन काही धरत नाही. असे सात-आठ रिले बॉनेटखाली बॅटरीशेजारी एका झाकणाच्या डब्यात बसवलेले असतात. बिराप्पानं माझ्याकडून नवा रिले नेला, बसवला आणि गाडी चालू झाली. विश्वजित फोनवर बोलत लांब उभा होता. बिराप्पानं मेव्हण्याला जवळ बोलावून डब्यावर बोट ठेवलं.

“धुळा, गाडीचा जीव ह्या डब्यात हाय. ह्याला जप.”

एवढंच तो बोलला. पुढं सगळं जे झालं ते या वाक्यानं झालं.

महिना भरायच्या आत गाडी परत मेली, आणि मेली ती कुठं, तर सांगलीच्या वाटेवर. विश्वजितच्या वडिलांच्या, आप्पासोंच्या, छातीत कळ आली होती आणि धुळा त्यांना दवाखान्यात नेत होता. अर्धा तास म्हातारा गाडीत घामानं भिजत पडला. शेवटी दुधाच्या टेम्पोतून त्यांना पुढं नेलं. ते वाचले. खरं बोलायचं तर त्या दिवशी विश्वजितच्या रागात खोट नव्हती. बाप मरता मरता राहिला की माणूस कुणाची तरी मान शोधतोच. त्यानं धुळाला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये लाथांनी तुडवला. दोन बरगड्यांना मार बसला.

तोच रिले, तसाच जळलेला. या वेळी बिराप्पा हादरला. त्यानं पंप किती करंट ओढतो ते मीटर लावून बघितलं, बरोबर निघालं. पंपापर्यंतची वायर हातानं चाचपत नेली, कुठं सोललेली नव्हती. फ्यूज नीट, अर्थिंग घट्ट, चार्जिंग जेवढं हवं तेवढंच. काही सापडेना तेव्हा त्याला वाटलं, धुळानं जादा हॉर्न नाहीतर दिवे जोडून पंपाचा करंट कुठंतरी चोरला असणार. धुळा नाही म्हणाला. बिराप्पानं परत विचारलं, तो परत नाही म्हणाला, आणि बिराप्पानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. वीस वर्षांनी. बरगड्या आवळून उभ्या असलेल्या माणसाला. धुळानं गाल चोळलासुद्धा नाही. हरणाबाईला हे कळलं तेव्हा ती आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या वेळेचं मात्र पाप माझं.

फेब्रुवारीत गाडी कालव्याच्या कामावर बंद पडली. विश्वजित ती ओढून घेऊन आला तो थेट माझ्या दुकानात शिरला. म्हणाला, दोन रिले तू दिलेस आणि दोन्ही जळले, तू डुप्लिकेट माल विकतोस. माझा माल अस्सल होता. पण त्याच्या हाताकडं बघून मी पटकन बोलून गेलो की माल चोख आहे, गाडी हाताळणाऱ्याला विचारा. मला फक्त माझ्या अंगावरचं दुसरीकडं ढकलायचं होतं. ते कुणावर जाईल हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कळत होतं.

माझ्या दारात खिळ्याला फॅनबेल्ट टांगलेले असतात. त्यानं त्यातला एक काढला आणि रस्त्यावर धुळाला त्या बेल्टानं मारलं. पाठीवर, मांड्यांवर, आणि धुळानं तोंड झाकलं तेव्हा बोटांवर. कुणाला विकलास मला, कुणाचे पैसे खाऊन गाडी पाडतोस, एवढंच तो विचारत होता. धुळा खाली बसला होता आणि प्रत्येक फटक्याला ‘न्हाई मालक’ म्हणत होता. बिराप्पा मध्ये पडला तर त्यालाही दोन बसले. मारून दमल्यावर विश्वजितनं तो बेल्ट आणून माझ्या खिळ्याला परत अडकवला, जसा होता तसा, आणि निघून गेला. तो बेल्ट मी आजवर कुणाला दिलेला नाही.

बिराप्पानं धुळाला सांगितलं, नोकरी सोड. हरणाबाईनं सांगितलं. धुळा म्हणाला, आत्ता सोडली तर मीच केलं असं होईल. त्याचंही खरं होतं. विश्वजितनं चौकात बोलून ठेवलं होतं की पुढच्या वेळी गाडी बंद पडली तर धुळाला कामावरच्या खोलीत घेऊन बसायचं, आणि कबूल होईपर्यंत बाहेर काढायचा नाही. त्या खोलीतून मुकादम कसा बाहेर आला होता हे आम्ही बघितलं होतं.

बिराप्पानं तिन्ही जळके रिले एका तारेत ओवून शेडमध्ये टांगले होते. रोज संध्याकाळी तो ते हातात घेऊन फिरवत बसायचा. तिघांचेही तेच दोन पाय हिरवे झालेले. करंट जास्त आला असता तर डबी आतून जळली असती. ही पायांपासून वर जळत गेलेली. पाण्यानं असं होतं, तो म्हणायचा, पण थंडी-उन्हाळ्यात पाणी येणार कुठनं?

मार्चमध्ये, शिमग्याच्या पाच-सहा दिवस आधी, चौथ्यांदा तेच झालं. सकाळी नऊला ट्रॅक्टरनं ओढत गाडी आणली. धुळा स्टिअरिंगवर बसून होता, तोंड राखेसारखं. विश्वजितचा निरोप होता की तो बारा वाजता येईल. त्याच्या आत कारण सापडलं पाहिजे, नाहीतर धुळा त्याच्याबरोबर कामावर जाईल.

बिराप्पानं बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढलं. आत नेहमीसारखा पिवळा भंडारा सांडलेला होता. इथं थांबून मला सांगायला हवं, कारण ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. भंडारा त्याला चारही वेळा दिसला होता. आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा, याच्या कुळाचा देव, ज्याच्यावरनं याचं नाव ठेवलेलं. भंडारा धनगर पुसत नाही. तो झटकायचा नसतो, पायाखाली जाऊ द्यायचा नसतो, दिसला तर कपाळाला लावायचा. जत्रेत लाखांनी लोक उधळतात, गाड्या न्हाऊन निघतात, तेव्हा एखाद्या डब्यात चिमूटभर गेला तर त्यात नवल ते काय? बिराप्पानं आधीच्या तिन्ही वेळा बोट टेकवून कपाळाला लावलं, आणि देवाला न दुखवता, आजूबाजूचं तसंच ठेवून, नवा रिले अलगद वरून बसवला. वायर न् वायर तपासणारा हा माणूस तेवढीच एक गोष्ट तपासायची नाही असं ठरवून बसला होता आणि ते त्यालाच माहीत नव्हतं.

चौथ्या वेळी मात्र कपाळाकडं नेताना बोट चिकटलं. कोरडा भंडारा चिकटत नाही. त्यानं बोटाकडं बघितलं आणि बापासारखं जिभेवर ठेवलं. हळदीचा कडवटपणा, आणि त्याच्या खाली आंबूस गोड. नासलेलं नारळाचं पाणी.

मी पायरीवरनं बघत होतो. तो तसाच उभा राहिला, बोट तोंडात धरून. मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला आणि महिने उलटून बघू लागला. चारही वेळा गाडी अमावास्येनंतर आठ-दहा दिवसांनी मेली होती. त्यानं धुळाला शेडमध्ये घेतलं, खाली बसवलं आणि अमावास्येला काय करतोस ते विचारलं.

आमच्याकडं अमावास्येला सगळेच गाडीला नारळ फोडतात, चाकापुढं. धुळाही आधी बॉनेट उघडून इंजिनावर भंडारा उधळायचा आणि थोडं पाणी शिंपडायचा. त्यातलाच चिमूटभर भंडारा आणि चार थेंब डब्यात झिरपले असणार आणि पहिला रिले गेला असणार. तोवर ती साधी हयगय होती. पुढचं धुळानंच सांगितलं, मान खाली घालून.

“दाजी, तुमीच म्हनला व्हता, गाडीचा जीव ह्या डब्यात हाय. म्हनून म्या देव तितंच ठेवला.”

पहिला मार खाल्ल्यापासून तो दर अमावास्येला डब्याचं झाकण उघडून मूठभर भंडारा आत भरत होता आणि वर नारळाचं पाणी सोडत होता. लाथा खाल्ल्या तेव्हा त्यानं दोन नारळ केले. बेल्टानं मारलं तेव्हा पाच. जितका मार जास्त तितकी पूजा जास्त, आणि जितकी पूजा जास्त तितकं गाडीचं मरणं पक्कं. ते ऐकून मला हसू आलं असतं, जर त्याच्या बोटांवरचे काळे वळ समोर नसते.

बिराप्पा तडक गाडीपाशी गेला. त्यानं डबा खाली काढला, पाण्यानं धुतला, ब्रशनं आणि पॉलिश कागदानं एकेक घर घासून कोरडं केलं आणि नवा रिले बसवला. ते धुतलेलं पिवळं पाणी त्यानं ओतून दिलं नाही, कडुलिंबाच्या बुंध्यात नेऊन सोडलं. धुळाला त्यानं बजावलं की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही.

मी म्हणालो, सांग की सरळ, देवाचं पाणी गेलं म्हणून. तो म्हणाला, “आन्ना, त्यानं घातलं म्हनलं की मेला त्यो. त्याला कारन न्हाई, मानूस पायजे.”

बाराला विश्वजित आला. एकटाच. कारण काय, असं त्यानं दुसऱ्या गाडीतनं पाय खाली टाकतानाच विचारलं. बिराप्पाचा एक नियम होता, दुखणं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दाखवायचं. त्यानं जळका रिले हातावर ठेवला, हिरवे पाय दाखवले, उजवा हात बॅटरीशेजारच्या पत्र्याच्या कडेवर टेकवून डबा दाखवला आणि भंडारा आणि ओल कशी खाली बसली ते सांगितलं. विश्वजितनं विचारलं, कुणी घातला. बिराप्पा म्हणाला, जत्रेत उधळतात, उडाला असेल. विश्वजितनं धुळाकडं बघितलं. धुळाचे ओठ हलायला लागले होते.

तेव्हा बिराप्पा मोठ्यांदा बोलला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

“मालक, भंडारा मला चारी वेळंला दिसला. म्या पुसला न्हाई. ह्या हातानं पुसायचा व्हता. चूक माजी हाय.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच विश्वजितला पटलं असावं. त्याच्या बापाचा घामेजलेला चेहरा त्याला आठवला असेल, बाजारात गाडी ढकलताना बघणारे लोक आठवले असतील, मला माहीत नाही. त्यानं एका हातानं बिराप्पाचं मनगट बाहेरून त्या कडेशी दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं बॉनेटची दांडी काढली. एवढं मोठं लोखंडी बॉनेट वरून आलं, आणि त्यानं वर आपलं सगळं अंग टाकलं.

हाडाचा आवाज मला पायरीवर आला. बिराप्पा ओरडला नाही, त्याच्या घशातनं नुसता वारा निघाला. विश्वजितनं बॉनेट वर उचललं. मी समजलो सोडतोय, पण तो परत आपटायला उचलत होता. मी पायरीवर उभा होतो. पाय माझे होते, ते उतरले नाहीत.

धुळा उतरला. चार महिने ज्यानं गाल चोळला नव्हता, त्यानं शेडमधला व्हील पाना उचलला आणि बॉनेट धरलेल्या मनगटावर घातला. एकच घाव, पण लाकूड फोडताना घालतात तसा, कंबरेतनं. मनगट मोडलं. विश्वजित गुडघ्यावर आला. धुळानं पाना पुन्हा वर नेला आणि या वेळी डोकं समोर होतं.

“भंडारा म्या घातला,” धुळा म्हणाला. “माज्या हातानं घातला. तू मारत व्हतास म्हनून घातला.”

विश्वजित वर बघत होता. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा ते बघितलं जे तो इतरांच्या डोळ्यांत रोज बघत असेल. पाना तसाच वर राहिला. खाली आला असता तर मी आज धुळाच्या फाशीची गोष्ट सांगत बसलो असतो. बिराप्पा गाडीला टेकून बसला होता, चेंदलेला हात पोटाशी धरून. तो एवढंच म्हणाला, “धुळा, गाडी काड. मिरजंला जायाचं.”

आणि धुळानं पाना खाली ठेवला. जागेवर ठेवला, जिथून घेतला होता तिथं.

गाडी पहिल्या सेल्फला धरली. पुढं विश्वजित मोडकं मनगट मांडीवर घेऊन, मागं बिराप्पा, त्याच्या हाताला माझ्या दुकानातली फडकी गुंडाळलेली, आणि शेजारी मी. उतरलो मी शेवटी, पण कधी, तर गाडीत बसायला. चाळीस किलोमीटरची वाट. धुळा खड्डे चुकवत चालवत होता, दोघांसाठीही. मी सारखा इंजिनाचा आवाज ऐकत होतो. वाटत होतं, आत्ता मरतंय. मेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं. बिराप्पा म्हणाला, बॉनेट पडलं. मग डॉक्टर विश्वजितकडं वळला. ड्रायव्हरनं मारलं हे विश्वजितच्या तोंडातनं निघेना. शेवटी तोही म्हणाला, बॉनेट पडलं. डॉक्टरनं दोघांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं. मीही काही बोललो नाही. त्या दिवशी तरी गप्प बसणं बरोबर होतं असं मला वाटतं.

बिराप्पाची उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, बाकीची तीन वाकडी जुळली. ते ऐकून हरणाबाई भावाच्या अंगावर धावली, त्याला चार रट्टे घातले आणि त्यालाच मिठी मारून रडली. धुळा नोकरी सोडून आता शेडमध्ये असतो. बारीक स्क्रू तो पिळतो, डोकं दाजीचं. विश्वजितची गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. तो आमच्या रस्त्यानं जाताना काच वर करतो.

परवा जत्रेहून आलेली एक जीप आली. धुळानं बॉनेट उघडलं, आत सगळं पिवळं. बिराप्पानं डावं बोट टेकवून कपाळाला लावलं. मग देवाची माफी मागायला हात जोडले, आणि त्यानंतर फडकं घेऊन सगळा डबा स्वच्छ पुसून काढला. मी पायरीवरनं बघत होतो. त्याचे दोन हात आता एकमेकांशी जुळत नाहीत, मध्ये फट राहते. मी उतरलो आणि फडकं धुवायला पाणी नेऊन दिलं.